कलिंगडावर पोळपाट

आमच्या नौपाड्यात मत नसलेला माणूस औषधालासुद्धा सापडायचा नाही. घर नसलेला सापडेल, नोकरी नसलेला सापडेल, गोखले रोडवर गाडी लावायला जागा मिळालेला एखादा भाग्यवानही कदाचित सापडेल. पण शेजाऱ्याबद्दल मत नसलेला माणूस? नाव नको! शिवाय मत तयार करायला आम्हांला वेळ लागत नाही. नवीन बिऱ्हाडकरू जिन्यात एकदा भेटला आणि 'जरा बाजूला व्हा' म्हणाला, की संध्याकाळपर्यंत तो 'उर्मट' म्हणून तिन्ही मजल्यांवर नोंदला जातो. दुसरा कोणी एकदा लिफ्टचं दार धरून उभा राहिला, की तो 'देवमाणूस'. दोघांचंही बाकीचं आयुष्य आम्ही पाहिलेलं नसतं. पण त्यावाचून आमचं काही अडत नाही.

आता प्रश्न असा, की एवढ्याशा भेटीवरून माणसाबद्दल मत करावं का? सज्जन मंडळी ताबडतोब म्हणतील, 'छे छे, मुळीच करू नये. माणूस पूर्ण कळल्याशिवाय बोलू नये.' ऐकायला हे फार बरं वाटतं. पण या सज्जनांनी बँकेच्या काउंटरवर एक दिवस बसून दाखवावं. समोरचा माणूस पूर्ण कळेपर्यंत थांबायचं ठरवलं, तर त्याच्या मागची रांग थेट तलावपाळीपर्यंत जाईल. आम्हांला माणूस मिळतो तो दोन मिनिटांपुरता, काचेतल्या अर्धगोल भोकातून. तेवढ्यात सही खरी वाटते का, माणूस गडबडलेला आहे की गडबड करायला आलेला आहे, हे ठरवावंच लागतं. म्हणजे मत करावं तर अन्याय, न करावं तर खोळंबा. अशी ही पंचाईत.

या पंचाइतीतून वाट सापडेल म्हणून मी बरीच प्रवचनं ऐकली. वाट सापडली ती मात्र भलत्याच ठिकाणी, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणितात.

मी साधा बी. कॉम. आमच्या गणिताला दोन बाजू असतात, एक डावी आणि एक उजवी. दोन्ही जुळल्या की माणूस घरी जातो. त्यामुळे माझी पुतणी 'आंशिक विकलन', 'स्पर्शप्रतल' असले शब्द मोठ्याने पाठ करायला लागली, तेव्हा प्रथम मला ती एखादं स्तोत्र म्हणते आहे असंच वाटलं. 'स्पर्शप्रतल' म्हणजे पुस्तकातलं 'टँजंट प्लेन'. हे काय असतं, असं मी सहज विचारलं. सहज विचारलेल्या प्रश्नांना आजकालच्या मुली सहज उत्तर देत नाहीत, प्रात्यक्षिक देतात.

"काका, ओट्यावरचं कलिंगड घे आणि त्याच्यावर पोळपाट ठेव."

"पोळपाटाला पाय आहेत."

"मग उलटा ठेव ना!"

ठेवला. पोळपाटाचे तिन्ही पाय आढ्याकडे आणि सपाट अंग कलिंगडाला. "आता बघ," ती म्हणाली, "पोळपाट कलिंगडाला किती ठिकाणी टेकलाय? एकाच. आणि त्या ठिकाणी कलिंगडाचा जेवढा कल, तेवढाच पोळपाटाचा कल. तुझा हात जरा सरकला की पोळपाट कलतो, कारण टेकायची जागा बदलली. हेच स्पर्शप्रतल. वाकड्या वस्तूला एका बिंदूपाशी सर्वांत चांगली जमणारी सपाट वस्तू." आमच्या सौभाग्यवतींनी आतून विचारलं, "अहो, ते कलिंगड खायला आणलंय हे लक्षात आहे ना?" ज्ञानाची किंमत प्रत्येक घरात अशीच मोजावी लागते.

पुढचा भाग मात्र माझ्या धंद्यातला निघाला. एखादी गोष्ट दोन गोष्टींवर अवलंबून असली, की तिचं चित्र रेघेऐवजी चादरीसारखं होतं, कुठे फुगलेली, कुठे खोलगट. व्याजाचंच घ्या. वर्षाचं व्याज मुद्दलावर अवलंबून आणि दरावरही. मुद्दल दहा हजार, दर दहा टक्के, व्याज एक हजार. इथे आपण पोळपाट टेकवला. आता दर तसाच धरून मुद्दल पाचशेने वाढवलं, तर व्याज पन्नास रुपयांनी वाढतं. मुद्दल तसंच धरून दर अर्ध्या टक्क्याने वाढवला, तरी व्याज पन्नास रुपयांनीच वाढतं. एकाला घट्ट धरून दुसऱ्याला हलवायचं, यालाच आंशिक विकलन म्हणतात. दोन दिशांचे दोन चढ काढायचे, ज्या त्या दिशेला जितकं सरकलो तितक्यांनी त्यांना गुणायचं, आणि मूळ उंचीत मिळवायचं. झालं स्पर्शप्रतल! पोळपाटाच्या हिशेबाने नवं व्याज हजार अधिक पन्नास अधिक पन्नास, म्हणजे अकराशे.

आणि खरं व्याज? साडेदहा हजारावर साडेदहा टक्क्यांनी ११०२ रुपये ५० पैसे.

हे अडीच रुपये पाहून माझ्या अंगावर काटा आला. अडीच रुपयांच्या फरकासाठी संध्याकाळी साडेसातपर्यंत शाखेत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. "हे अडीच रुपये कोणाच्या खात्यात?" मी विचारलं. ती म्हणाली, "कोणाच्याच नाही. हे ना नुसत्या मुद्दलाचे, ना नुसत्या दराचे. दोन्ही एकदम बदलले म्हणून आलेले." मला एकदम पुष्कळ संसार आठवले. नवरा थोडा बदलला, बायको थोडी बदलली, दोघांचे बदल वेगवेगळे मांडले तर हिशेब चोख आहे. आणि तरीही घरात जे अडीच रुपयांचं सुख किंवा दुःख शिल्लक राहतं, ते कोणाच्या नावावर टाकायचं हे कौटुंबिक न्यायालयालाही उमगत नसावं.

पण मुख्य मुद्दा वेगळाच आहे. हे अडीच रुपये पाचशे नि अर्ध्या टक्क्याला आले. दोन्ही बदल दुप्पट करा. मुद्दल अकरा हजार, दर अकरा टक्के. पोळपाट म्हणतो बाराशे, खरं व्याज बाराशे दहा. फरक पाच रुपये नव्हे, दहा! सरकणं दुप्पट, चूक चौपट. दहापट सरकलात तर चूक शंभरपट. जवळ जवळ असताना पोळपाटासारखा प्रामाणिक माणूस नाही, आणि लांब गेलात की त्याच्यासारखा थापाड्या नाही. आणि बोलतो मात्र दोन्हीकडे सारख्याच ठाम आवाजात.

हे वाचून कोणाला वाटेल की ही सगळी परदेशी विद्या आहे. विकलनाचं पद्धतशीर शास्त्र न्यूटन आणि लायब्निझ यांनी सतराव्या शतकात उभं केलं हे खरं. पण या पोळपाटामागचा विचार आपल्याकडे त्याच्या पाचशे वर्षं आधी होऊन गेला आहे. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली, 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. (छत्तिसाव्या वर्षी मी काय करत होतो ते विचारू नये. प्रमोशनची परीक्षा पुढच्या वर्षी देईन असं म्हणत होतो.) चाळीसगावजवळ पाटण इथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्या मठाच्या १२०७ सालच्या देणगीचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. देणगीचा तपशील दगडावर कोरून ठेवणारे लोक पाहून बँकवाल्याला भरून येतं. आमच्याकडे मागच्या वर्षीची फाइल सापडत नाही.

तर या ग्रंथाच्या गोलाध्यायात भास्कराचार्यांना एक अडचण होती. पृथ्वी गोल आहे असं ते सांगत होते, आणि ऐकणारे अर्थातच म्हणत होते, 'डोळ्यांना तर सपाट दिसते!' दुसरा कोणी असता तर 'तुमचे डोळे फुटलेत' म्हणून मोकळा झाला असता. भास्कराचार्यांनी जे उत्तर दिलं त्याचा आशय असा : वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सपाटच दिसतो, पृथ्वी अफाट आहे, माणूस अगदी चिमुकला, तेव्हा तिच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या माणसाला ती सगळी सपाट वाटावी यात नवल नाही.

हे नुसतं बोलणं नाही, हिशेब आहे. शंभर सेंटिमीटर परिघाची एक परात घ्या. तिच्या काठाचा एक सेंटिमीटर तुकडा मनात धरा. त्या तुकड्याचा मधला फुगवटा भरतो एक मिलिमीटरच्या बाराव्या-तेराव्या हिश्श्याइतका, म्हणजे जेमतेम वहीच्या कागदाच्या जाडीएवढा. एवढा बाक कोणाच्या बापाला दिसणार? म्हणजे सपाट म्हणणारा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या पायाखालच्या जमिनीपुरतं तो बरोबरच बोलत होता. फक्त पायाखालची फळी त्याने क्षितिजापलीकडे लांबवली होती. भास्कराचार्यांनी त्याचं पाहणं खोडलं नाही, लांबवणं खोडलं. वाद घालण्याची ही रीत आपण पुढे का सोडली, कोण जाणे.

हाच हिशेब मी नौपाड्यापुरता करून पाहिला. समजा, इथे जमिनीला टेकून एक अगदी सरळ, न वाकणारी फळी ठेवली. आपल्या तलावपाळीच्या मासुंद्यासारख्या पाण्याचा पाचशे मीटरचा पट्टा धरला, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याच्या मधोमध येणारा फुगवटा होतो अवघा पाच मिलिमीटर. होडीत बसून शेंगदाणे खाणाऱ्याने तळ्याचं पाणी सपाट आहे असं खुशाल म्हणावं. एक किलोमीटर गेलात की फळी समुद्रसपाटीच्या मानाने आठ सेंटिमीटर वर राहते. दहा किलोमीटरला जवळजवळ आठ मीटर, म्हणजे दुमजली घर. शंभर किलोमीटरला पाऊण किलोमीटरच्या वर. आणि पुण्यापर्यंत जाईतो फळी हजार मीटरच्याही वर चढते, म्हणजे सगळं पुणे आमच्या फळीच्या खाली येतं. हे गणिताने सिद्ध होतं आहे, यात माझं वैयक्तिक मत काही नाही.

लांबवलेल्या फळीचा त्रास आम्हां ठाणेकरांना वर्षानुवर्षं आहेच. महाराष्ट्रात कुठेही जा, 'ठाण्याचा' म्हटलं की समोरचा मिस्कील हसून विचारतो, 'कधी सुटलात?' १९०१ साली इथे मनोरुग्णालय सुरू झालं, आणि तेव्हापासून 'ठाण्याला पाठवा' हा विनोद थकलेला नाही. भारतातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटली ती ठाण्यालाच आली, हे कोणी हसून विचारत नाही. ज्याचा ठाण्याला स्पर्श रुग्णालयाच्या फाटकापाशी झाला, त्याने तिथूनच फळी टाकली आणि साऱ्या गावावर पांघरली. गंमत अशी की ती त्या फाटकापाशीसुद्धा नीट टेकलेली नाही. आत माणसं बरी व्हायला जातात आणि बरी होऊन घरीही येतात, हे त्या विनोदात कुठे आहे? आणि आम्ही तरी काय धुतल्या तांदळाचे? डोंबिवलीचं नाव निघालं की आम्हीही डब्याच्या दारात लोंबकळणाऱ्या गर्दीवरून साऱ्या डोंबिवलीचा स्वभाव सांगून मोकळे होतो.

पुतणीच्या पुस्तकात याहूनही एक सावध करणारी गोष्ट आहे. प्रतल बसवायला निदान दोन दिशांचे चढ लागतात. एकाच दिशेचा चढ ठाऊक असेल तर हातात येते नुसती काठी. ती कुठेही कलंडते. आपल्याकडे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात नेमकं हेच होतं. मुलगा चाळीस मिनिटं भावी सासऱ्यांशी अदबीने बोलतो. ही एक दिशा. तो हॉटेलातल्या पोऱ्याशी कसा बोलतो, धाकट्या भावाने विचारल्यावर कसा खेकसतो, ही दुसरी दिशा पोह्यांच्या बशीत येत नाही. मग काठीलाच पोळपाट समजून मुहूर्त काढला जातो.

बरं, दोन्ही दिशा पाहिल्या म्हणजे झालं का? तर तेही नाही! पुस्तकात असा एक वस्तादपृष्ठभाग दिला आहे की एका बिंदूवर उभं राहून पूर्व-पश्चिम चाला, जमीन सपाट. दक्षिणोत्तर चाला, जमीन सपाट. आणि ईशान्येकडे पहिलं पाऊल टाकलंत की पायरी! दोन्ही चढ व्यवस्थित निघतात आणि तरीही पोळपाट बसतच नाही. आमच्याकडचे वास्तुशास्त्रवाले ईशान्येला एवढं का जपतात ते तेव्हा कळलं. माणसांतही असे नग असतात. ऑफिसात उत्तम, घरात उत्तम, आणि ऑफिसातलं माणूस घरी आलं की थैमान.

शिवाय आडवा, अगदी शांत पोळपाट पाहून हुरळून जाऊ नये. डोंगराच्या माथ्यावरही प्रतल आडवंच असतं, दरीच्या तळाशीही आडवंच, आणि खिंडीतही आडवंच. नाणेघाटाच्या तोंडाशी उभे राहा. पायाखाली सपाटी, पण पुढे कोकणाचा उतार, मागे जुन्नरकडची वाट, आणि दोन्ही बाजूंना डोंगर. तिथे जकात गोळा करण्याचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण आहे. त्या काळच्या आमच्या व्यवसायबंधूंनी खिंड बरोबर ओळखली होती. शांत बसलेला माणूस सुखाच्या शिखरावर असेल, दुःखाच्या तळाला असेल, किंवा खिंडीत सापडलेला असेल. नुसती सपाटी पाहून 'बरं चाललंय त्याचं' म्हणणं सोपं असतं, आणि बऱ्याचदा उशीर झाल्यावर खोटं ठरतं.

आता कोणी तावातावाने विचारील, 'म्हणजे कोणालाच काही म्हणायचं नाही की काय? एखाद्याने उघड वाईट केलं तरी तो एक बिंदू म्हणून सोडून द्यायचा?' मुळीच नाही. टेकलेल्या बिंदूपाशी प्रतल तंतोतंत खरं असतं, तिथे एक पैशाची सूट नाही. आणि जवळपास ते इतकं खरं असतं की त्यावर विसंबावंच. काल रात्री पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या गाडीत आज रात्री बसू नये. ही सावधगिरी झाली. पण वीस वर्षांनी त्याच्या मुलाला मुलगी देऊ नये असं म्हणणं, ही फळी लांबवणं झालं. पाप मत करण्यात नाही. ते ज्या ठिकाणी टेकलं ते ठिकाण, ती तारीख आणि ती दिशा गाळून नुसतं मत पुढे सरकवण्यात आहे.

हे नुसतं बोलायला ठीक आहे, पण एकदा ते वापरायची वेळ आली. आमच्या शाखेत शिलाईचं दुकान असलेले एक गृहस्थ येतात. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा एक चेक शिल्लक अपुरी म्हणून परत गेला होता. १९८८ साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून चेक परत जाणं ही फौजदारी भानगड झाली आहे. त्यांनी महिन्याभरात पैसे भरून टाकले आणि प्रकरण मिटलं. पण शाखेतून ते मिटलं नाही. माणसं बदलली, फर्निचर बदललं, कॉम्प्युटर तीनदा बदलले, पण त्यांचं नाव 'चेकवाले' ते 'चेकवाले'च. तो चेक परत गेला तेव्हा जे अजून शाळेत होते असले नवे कारकूनसुद्धा त्यांना चेकवाले म्हणतात.

त्यांच्या मुलाला पदविकेला प्रवेश मिळाला. कर्जाचा अर्ज आला. फी भरायची मुदत नऊ दिवसांवर. साहेब नवे, महिनाभरापूर्वी बदलून आलेले. त्यांनी फाइल हातात धरून मला विचारलं, "काय हो, माणूस कसा आहे?"

हा प्रश्न आपण दिवसातून दहादा ऐकतो आणि पाच सेकंदांत निकाल लावतो. 'चेकवाले' एवढा एक शब्द उच्चारला असता तरी पुरे होता. फाइल नाकारली गेली नसती. नुसती गठ्ठ्याच्या तळाशी गेली असती. आणि नऊ दिवस जायला नऊच दिवस लागतात.

मी म्हटलं, "साहेब, अकरा वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी ते कसे होते हे सगळ्या शाखेला पाठ आहे. चेक परत गेला होता, ते खरं आहे. त्यानंतर त्यांचं रिकरिंग आहे, एक हप्ता चुकलेला नाही. शिवणयंत्रासाठी कर्ज घेतलं होतं, ते मुदतीच्या दोन महिने आधी फिटलं. उताऱ्यात सगळं दिसतंय."

"मग चांगला माणूस म्हणू?"

"तेही म्हणू नका. आपल्या खिडकीपाशी, पैशाच्या दिशेने, चढ वरच्या बाजूला आहे, एवढंच म्हणा. घरी ते मुलावर ओरडतात का, मला ठाऊक नाही."

साहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने लोकांना ठाण्याला पाठवतात. आणि मी तर आधीच ठाण्यात. पण साहेब अनुभवी. त्यांनी लिहिलं : 'खात्याचा व्यवहार समाधानकारक.' हे वाक्य मी बावीस वर्षं वाचतो आहे, पण त्या दिवशी ते मला पहिल्यांदा दिसलं. बँक माणसाला चांगला म्हणत नाही, वाईट म्हणत नाही. त्याच्या खात्याच्या व्यवहाराबद्दल बोलते. म्हणजे स्पर्शबिंदू वाक्यातच आहे! केवायसीच्या आधीच्या काळात खातं उघडायला ओळख देणाऱ्याची सही लागायची. त्या फॉर्मवरही 'हा इसम सज्जन आहे' असं नसायचं. 'मी यांना इतकी वर्षं ओळखतो' असं असायचं, आणि वर्षांचा आकडा रिकाम्या जागेत भरावा लागायचा. आमच्या रूक्ष छापील फॉर्ममध्ये जेवढी नीती होती, तेवढी जिन्यातल्या गप्पांत असती तर नौपाड्यात भांडणंच झाली नसती.

कर्ज मंजूर झालं. कागद पुरे होते म्हणून झालं. त्यात माझा वाटा किती, हे काढायला आंशिक विकलन करावं लागेल. मुलगा पुढे कसा निघेल, कर्ज फेडील की नाही, मला ठाऊक नाही. चढ वर आहे म्हणून डोंगर कायम वरच जाईल असं सांगायला लागलो तर मीच फळी लांबवली असं होईल. चांगल्या मताची फळीही तितकीच थापाडी असते. कोणी एकदा गोड बोलला म्हणून इमारतीच्या पुनर्विकासाच्या कागदांवर डोळे मिटून सह्या करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

यावर उपाय पुतणीनेच सांगितला, आणि तो फार साधा आहे. लांब जायचं असेल तर फळी लांबवू नये, उचलावी. थोडं पुढे जावं, तिथे पुन्हा टेकवावी, तिथला चढ नव्याने घ्यावा. कितीही वाकडा पृष्ठभाग असला तरी छोट्या छोट्या फळ्यांनी तो झाकता येतो. एकाच मोठ्या फळीने कधीच नाही. माणसाच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच, की ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला अधूनमधून भेटावं. पण भेटायला वेळ लागतो, आणि मत ठेवून द्यायला काही लागत नाही.

अलीकडे मी एक नियम केला आहे. कोणी विचारलं, "अमक्याबद्दल तुमचं काय मत?" तर मी आधी विचारतो, "कुठल्या तारखेचं? आणि कुठल्या दिशेने?" याचा परिणाम फार चांगला झाला. जिन्यात आता मला कोणी थांबवत नाही. सोसायटीच्या सभेत माझं मत विचारायचं बंद झालं आहे. मी बदललो आहे असं मला वाटतं, म्हणून मी परवा हिला विचारलं, तर ती म्हणाली, "तुम्ही ना, लग्नात होतात तसेच आहात अजून."

मी तारीख विचारणार होतो. पण कलिंगड कापून झालं होतं, आणि बशी माझ्यासमोर आलेली होती.